कमवा आणि फिरा : एका दांपत्याच्या जगप्रवासाचा हिशेब

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्याला नवा नाही. प्रवासी कोठे गेला, त्याने काय पाहिले, ते पाहताना त्याच्या मनात कोणते विचार आले, हे सारे अशा पुस्तकांत भरपूर असते. मात्र त्या प्रवासाला पैसा कोठून आला हा प्रश्न वाचक सहसा विचारत नाही, आणि लेखकही त्याचे उत्तर देण्याच्या भरीस पडत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न पुढे ठेवून मी एका प्रवासाचा विचार करणार आहे. हा प्रवास टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याचा. १९७२ साली ते लंडनहून निघाले, आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचले, तेथे नोकऱ्या करून पैसे जमविले आणि १९७४ मध्ये २५० सी.सी.च्या एका यामाहा मोटारसायकलवर बसून आग्नेय आशिया हिंडले. 'लोन्ली प्लॅनेट' ही प्रवास-मार्गदर्शकांची जगप्रसिद्ध प्रकाशनसंस्था या भटकंतीतूनच जन्माला आली.

ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा वडिलांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आन् पेट्रोलला पैसं कुनी दिलं?" मला वाटते, या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर नीट शोधू लागले, की भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास आणि थोडासा कायदा असे आपल्या अभ्यासक्रमातले चार विषय एका मोटारसायकलभोवती गोळा होतात.

लंडन ते सिडनी

टोनी व्हीलर यांचा जन्म १९४६ चा. वडील ब्रिटिश विमान कंपनीच्या नोकरीत असल्यामुळे त्यांचे बालपण वेगवेगळ्या देशांत गेले. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही काळ मोटार उद्योगात काम केले आणि पुढे लंडन बिझनेस स्कूलमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले. मॉरीन या उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील एका बाकावर १९७० साली दोघांची ओळख झाली आणि १९७१ मध्ये विवाह झाला. टोनी यांना फोर्ड कंपनीत नोकरी मिळत होती. ती लांबणीवर टाकून एक वर्ष जग पाहावे आणि मग परत येऊन संसाराला लागावे, असा साधा बेत होता.

जुलै १९७२ मध्ये एक जुनी छोटी व्हॅन ६५ पौंडांना विकत घेऊन ते निघाले. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा मार्ग होता. काबूलमध्ये त्यांनी ती व्हॅन थोड्या नफ्याने विकून टाकली आणि पुढचा प्रवास बस, आगगाडी, बोट, वाटेत भेटेल त्याचे वाहन अशा मिळेल त्या साधनाने केला. पाकिस्तान, भारत, नेपाळ, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया असे करीत ते बालीला पोचले आणि तेथून एका शिडाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. २६ डिसेंबर १९७२ रोजी ते सिडनीत आले, तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट उरले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा मार्ग त्या काळात खुला होता म्हणून हा प्रवास झाला. युरोपातील हजारो तरुण तेव्हा याच रस्त्याने काबूल, दिल्ली, काठमांडूपर्यंत येत असत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले, आणि हा राजमार्ग बंद पडला. प्रवाशाच्या धाडसाचे आपण कौतुक करतो ते योग्यच आहे; परंतु त्या धाडसाला इतिहासाने काही वर्षांपुरते दार उघडे ठेवले होते, हेही विसरता कामा नये.

पहिली कमाई

सिडनीत दोघांनीही नोकऱ्या धरल्या. भाड्याच्या तळघरातील खोलीत राहायचे, पगारातून शिल्लक टाकायची आणि ती पुरेशी झाली की पुढे निघायचे, असा क्रम ठरला. भेटणारा प्रत्येक जण त्यांना विचारी, की एवढ्या स्वस्तात आशिया कसा ओलांडला? कोठे उतरलात? सीमेवर काय लागते? पुन्हा पुन्हा तीच उत्तरे देण्यापेक्षा ती लिहून का काढू नयेत, या विचारातून स्वयंपाकघरातील टेबलावर एक पुस्तिका तयार झाली. 'ॲक्रॉस एशिया ऑन द चीप' हे तिचे नाव. शंभराहून कमी पानांची ही पुस्तिका १९७३ मध्ये निघाली. पाने हाताने जुळविली, कडा कापल्या, पिना मारल्या, आणि टोनी स्वतः प्रती घेऊन पुस्तकांच्या दुकानांत गेले. पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची होती व किंमत १ डॉलर ८० सेंट. ती थोड्याच दिवसांत संपली.

प्रकाशनसंस्थेचे नाव कसे पडले, हीदेखील एक गंमतच आहे. एका इंग्रजी गाण्यातील 'सुंदर' या अर्थाचा शब्द टोनी यांनी 'एकाकी' असा ऐकला. मॉरीन यांनी चूक दाखवून दिली. तरीही चुकीचेच नाव बरे वाटले आणि तेच राहिले.

१,५०० प्रतींना १ डॉलर ८० सेंट या दराने सर्व मिळून २,७०० डॉलर होतात. त्यातून कागद, छपाई आणि दुकानदाराचे कमिशन वजा करावे लागते. म्हणजे या पुस्तिकेने त्यांना श्रीमंत केले नाही. तिने त्यांना वेगळेच काही शिकविले. केलेला प्रवास संपून जात नाही, तो माहितीच्या रूपाने विकता येतो आणि त्या पैशातून पुढचा प्रवास करता येतो, हे त्यांना या व्यवहारात कळले.

मोटारसायकलवरचे वर्ष

१९७४ मध्ये दोघे पुन्हा निघाले. या वेळी हेतू निश्चित होता : आग्नेय आशिया पाहायचा आणि त्यावर मार्गदर्शक लिहायचे. वाहन म्हणून त्यांनी यामाहाची २५० सी.सी. ट्रेल मोटारसायकल निवडली. आपल्या रस्त्यांवरची जुनी बुलेट ३५० सी.सी.ची असते. म्हणजे ही त्याहून लहान गाडी. खडबडीत रस्त्यासाठी बनविलेली, जमिनीपासून उंच, वजनाने हलकी. आणि तिच्यावर दोन माणसे व दोघांचे सामान.

मोटारसायकल का, याचा मी थोडा विचार केला. बसने जाणारा प्रवासी बस थांबेल तेथे उतरतो, आणि त्याच्या पुस्तकात बसथांब्याजवळचीच खाणावळ येते. मार्गदर्शक लिहिणाऱ्याला मात्र फाटा दिसला की आत शिरावे लागते, एका गावातल्या चार धर्मशाळा पाहून त्यांतली बरी कोणती हे ठरवावे लागते आणि दोन गावांतील अंतर स्वतः मोजावे लागते. मोटारगाडीने हे करता येईल; पण तिला पेट्रोल जास्त लागते आणि बेटाबेटांच्या प्रदेशात प्रत्येक होडीवर तिला जागा मिळत नाही. मोटारसायकल चार माणसांनी उचलली तरी होडीत चढते.

तथापि स्वतःचे वाहन परदेशात नेणे हे केवळ पेट्रोलचे काम नाही. बाहेरून आलेले वाहन आपल्या देशात विकले जाऊन जकात बुडू नये, अशी प्रत्येक सरकारला काळजी असते. त्यासाठी अनेक देशांत 'कार्ने द पसाज' नावाचे एक चोपडे लागते. आपल्या देशातील मोटार संघटना ते देते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम करते. देशात शिरताना त्यावर शिक्का, बाहेर पडताना शिक्का. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर जकात भरावी लागते, आणि तिची हमी म्हणून आधीच मोठी रक्कम तारण ठेवावी लागते. ज्याच्यापाशी तारण ठेवण्यास काही नाही, त्याची मोटारसायकल चांगली असूनही सीमेवरच थांबते. प्रवासवर्णनांत डोंगर-दऱ्यांना पाने मिळतात. या चोपड्याला क्वचितच एखादी ओळ मिळते.

त्या वर्षी त्यांनी पोर्तुगीज तिमोर, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड हा भाग पालथा घातला. येथेही इतिहास त्यांच्या मागेपुढेच चालत होता. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाच्या सैन्याने पूर्व तिमोर व्यापले आणि तो देश स्वतंत्र होण्यास २००२ साल उजाडावे लागले. व्हिएतनाममध्ये तर १९७५ पर्यंत युद्धच चालू होते.

हिंडणे संपल्यावर सिंगापूरमधील एका स्वस्त चिनी हॉटेलात काही महिने मुक्काम ठोकून त्यांनी पुस्तक लिहून काढले. १९७५ मध्ये 'साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' प्रसिद्ध झाले. त्याचे मुखपृष्ठ पिवळे होते. पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या तरुणांत ते इतके रुळले, की त्याला 'पिवळे बायबल' म्हणू लागले.

कमाईच्या दोन रीती

प्रवासात कमावत जाण्याच्या दोन रीती दिसतात. एक म्हणजे थांबून कमावणे. वाटेत एखाद्या शहरी मुक्काम करायचा, मिळेल ती नोकरी करायची, पैसे साठले की निघायचे. १९८२ मध्ये लंडनहून बी.एम.डब्ल्यू. मोटारसायकल घेऊन एकटी जगप्रदक्षिणेस निघालेली एल्स्पेथ बीअर्ड ही वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी सिडनीतल्या एका वास्तुविशारदाच्या कचेरीत काही महिने नोकरी करून मगच पुढे गेली. दुसरी रीत म्हणजे प्रवासातूनच कमावणे. झोल्तान सुल्कोव्स्की आणि ज्युला बार्था हे दोन हंगेरियन मित्र १९२८ ते १९३६ अशी आठ वर्षे साइडकार जोडलेल्या हार्ले-डेव्हिडसनवर जग फिरले. गावोगाव व्याख्याने देणे आणि प्रवासातील छायाचित्रे विकणे यांवर त्यांचा निर्वाह चाले. आपल्याकडील कीर्तनकारांना ही रीत अपरिचित वाटणार नाही.

व्हीलर दांपत्याचे वैशिष्ट्य असे, की सिडनीत ते पहिल्या रीतीने जगत होते आणि तेथूनच दुसऱ्या रीतीकडे वळले. पहिल्या रीतीत प्रवास हा खर्च असतो. दुसऱ्या रीतीत तोच उत्पन्नाचे साधन होतो.

या कामात मॉरीन यांचा वाटा किती, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पहिल्या पुस्तिकेवर नाव टोनी यांचे होते. पण सिडनीत दोघांचे पगार होते, रस्त्यावर दोघांचे कष्ट होते, आणि पुढे प्रकाशनसंस्था चालविण्याचा भारही दोघांनी मिळून वाहिला. मॉरीन यांनी विद्यापीठीय शिक्षणही या भटकंतीनंतर, मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात घेतले. आधी जग आणि मग पदवी असाही क्रम असू शकतो, हे मला विशेष वाटले.

पाणी उताराकडे वाहते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काम करीत जग पाहण्याची ही युक्ती कोणालाही जमण्यासारखी आहे काय?

युक्तीचे मर्म असे : जेथे मजुरी जास्त तेथे कमवायचे आणि जेथे वस्तू स्वस्त तेथे खर्च करायचे. सिडनीत साठविलेला पैसा जावा बेटावर कितीतरी अधिक दिवस पुरतो, कारण जावातील खोली झाडणाऱ्या आणि भात रांधणाऱ्या माणसाची मजुरी सिडनीपेक्षा फार कमी असते. व्हीलर यांचा प्रवास स्वस्त झाला, त्यात त्यांच्या काटकसरीचा भाग होता, तसाच त्या माणसाच्या अल्प मजुरीचाही होता. पाणी जसे उताराकडे वाहते तसा हा प्रवास महाग देशातून स्वस्त देशाकडे वाहतो. आमच्या तालुक्यात शेतमजुरी करून त्या पैशात सिडनी पाहू म्हणणाऱ्याला मात्र पाणी चढावर न्यावे लागेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ मध्ये ब्रिटिश गोऱ्या नागरिकाला ऑस्ट्रेलियात येऊन नोकरी करण्यास फारशी आडकाठी नव्हती. इतरांची गोष्ट निराळी होती. १९०१ च्या कायद्याने तेथे 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण सुरू झाले होते. नको असलेल्या माणसाला बंदरावरच पन्नास शब्दांचे शुद्धलेखन घालीत आणि तेही कोणत्याही युरोपीय भाषेत; म्हणजे इंग्रजी येत असले तरी त्याला नापास करण्याची सोय होती! भाषेच्या विद्यार्थ्यांनी हा उपयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली आणि वंशभेदाचे धोरण व्हिटलम सरकारने १९७३ मध्ये संपविले. व्हीलर दांपत्य सिडनीत उतरले ते या दोन युगांच्या उंबरठ्यावर.

आपल्या बाजूनेही दार अरुंदच होते. पासपोर्ट देणे न देणे ही १९६७ पर्यंत सरकारच्या मर्जीची बाब होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्यानंतर पासपोर्टचा कायदा झाला. शिवाय परकीय चलनाची टंचाई होती. १९७० च्या सुमारास परदेशी निघालेल्या सामान्य भारतीयास सोबत अवघे ८ डॉलर नेता येत. व्हीलर यांच्यापाशी २७ सेंट उरले ते प्रवासाच्या शेवटी. आपल्या माणसाला जवळजवळ तेवढ्यानेच सुरुवात करावी लागे.

आज ही स्थिती बदलली आहे. परकीय चलनावरील जुने कडक निर्बंध गेले. ऑस्ट्रेलियाने १८ ते ३० वयाच्या भारतीय तरुणांसाठी 'काम आणि सुट्टी' असा परवाना २०२४ मध्ये सुरू केला. शिक्षणाची व इंग्रजीची अट आहे, आणि वर्षाला १,००० जागा सोडत काढून भरल्या जातात. दार उघडले आहे. आत जाण्यासाठी चिठ्ठी निघावी लागते.

चढावरचे प्रवासी

याउलट उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले ते देश पाहण्याच्या हौसेने नव्हे. घरी कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी होती. म्हणजे 'माझा प्रवास' हे आपले वाखाणलेले प्रवासवर्णन मुळात कमाईसाठी केलेल्या प्रवासाचे आहे. पुढे बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, लुटालूट यांत सापडून मिळालेले द्रव्य गेले आणि भटजी गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हीलर श्रीमंत देशातून निघून स्वस्त देशांत हिंडले. भटजी रिकाम्या हाताने निघून श्रीमंत दरबाराकडे गेले. एक उताराचा प्रवासी, दुसरा चढावरचा. दोघांनीही पाहिलेले लिहून ठेवले, म्हणून दोघेही आपल्याला ठाऊक आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. या योजनेत दररोज दोन तास ग्रंथालयात काम करून मी शिकतो, त्यामुळे 'कमवा आणि फिरा' या कल्पनेने मला ओढले, यात नवल नाही. व्हीलर यांचे मोठेपण मला कमी करावयाचे नाही. २७ सेंट खिशात असताना घरी परतण्याऐवजी उद्याच्या कामाला लागणे, आणि मिळविलेले ज्ञान मागून येणाऱ्यांच्या हाती देणे, ही साधी गोष्ट नव्हे. १९८१ मध्ये त्यांच्या संस्थेने भारतावरही जाडजूड मार्गदर्शक काढले. पुढे २००७ मध्ये संस्थेचा बहुतांश आणि २०११ मध्ये उरलेला हिस्सा त्यांनी बी.बी.सी.च्या व्यापारी शाखेस विकला.

आपल्याला असा प्रवास करावयाचा झाल्यास एक उतार जवळच आहे. नेपाळला जाण्यास आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याच्या, व्यापाराच्या आणि हिंडण्याफिरण्याच्या सवलती दिल्या आहेत. मोटारसायकल नेण्यास सीमेवर 'भन्सार' म्हणजे जकात भरली की पुरते. आपल्या १०० रुपयांचे तेथे १६० रुपये होतात. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे.

पण याच दरामुळे त्या वाटेने उलट दिशेने किती माणसे येतात पाहा. आपल्या शहरांतील सोसायट्यांच्या फाटकावर रात्रभर जागणारा, शिट्टी वाजवीत फेऱ्या घालणारा नेपाळी माणूस हाही परदेशी येऊन, काम करून, वाटखर्चाला पैसे जमवून परत जाणारा प्रवासी आहे. कित्येकदा त्याची पत्नीही सोबत असते आणि तीही चार घरची कामे करते. त्यांनी डोंगर ओलांडले, सीमा ओलांडली, नवी भाषा शिकली. त्यांचे प्रवासवर्णन अद्याप कोणी लिहिलेले नाही. आपल्या भित्तिपत्रकासाठी पुढील सत्रात अशा एका दांपत्याची मुलाखत घ्यावी आणि त्यांचा मार्ग, वाटखर्च व मजुरी यांचा तपशील त्यांच्याच शब्दांत छापावा, अशी सूचना मी वाङ्मय मंडळाकडे केली आहे. कोणाला या कामात सहभागी व्हावयाचे असल्यास त्यांनी अवश्य भेटावे.